पत्रादेवीच्या अलीकडे बायकोचा वाटा शून्य का? आमदारांना एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधिमंडळातले सगळे आमदार, विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८, सत्तेतले आणि विरोधातले पण, कारण लग्नानंतर उभ्या राहिलेल्या मालमत्तेत बायकोचा वाटा, या विषयावर दोन्ही बाजू सारख्याच गप्प आहेत.

नमस्कार,

मी मूळची सावंतवाडीकडची. लग्न होऊन शहरात आले, नोकरी करते, घटस्फोट होऊन चार वर्षं झाली. नाव लिहीत नाही कारण लेक शाळेत आहे आणि हल्ली मुलं सगळं शोधून काढतात.

मे महिन्यात गावी गेले होते तेव्हा मावसबहिणीकडे दोन दिवस राहिले. ती पेडण्याला दिलीये. म्हणजे बांदा सोडलं, गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा चेकनाका ओलांडला की आलंच तिचं गाव, आमच्याकडचा आंबा तिकडे आणि तिकडचा काजू आमच्याकडे, सोयरिकी तर विचारूच नका. तिच्या नवऱ्याला रस्त्याकडेचा एक तुकडा विकायचा होता आणि ही सही देत नव्हती. त्यावरून घरात महिनाभर धुसफूस. मी आपली शहाणपणा शिकवायला गेले की जमीन त्याच्या नावावर आहे तर तू कशाला मधे पडतेस, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "माझी सही नसली तर तेका जमीन विकूक येवची नाय गो. अर्धी माझी आसा."

अर्धी माझी आसा. ती दहावी शिकलेली, कधी नोकरी केली नाही, आणि मी एम.कॉम., अठरा वर्षं पगार आणणारी. आणि माझं काय आहे ते खाली सांगतेच.

गोव्यात पोर्तुगीजांच्या काळातला १८६७ चा सिव्हिल कोड अजून चालतो, लग्नाच्या बाबतीत तरी. गोवा १९६१ ला मुक्त झाला तरी तो कायदा तसाच ठेवला आपल्या संसदेने. त्यात असं आहे की लग्नाआधी नवरा-बायकोने वेगळा करार केला नसेल तर लग्न झालं की दोघांची मालमत्ता एक होते, दोघांचा अर्धा अर्धा वाटा, आणि स्थावर विकायची असेल तर दोघांच्या सह्या लागतात. वेगळं झाले तर अर्धं अर्धं. हे हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांना (थोडेफार अपवाद आहेत, ते सोडा). इतकंच काय, इन्कम टॅक्सच्या कायद्यात सुद्धा त्यासाठी वेगळं कलम आहे, गोव्यातल्या नवरा-बायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, भाडं म्हणा धंदा म्हणा, निम्मं निम्मं धरायचं. म्हणजे दिल्लीतल्या टॅक्सवाल्यांना सुद्धा मान्य आहे की पेडण्यातली बायको अर्ध्याची मालकीण आहे. आणि बांद्यातली? तिचं नाव कागदावर असेल तर आहे, नसेल तर नाही. मधे फक्त एक चेकनाका.

आता कुणी लगेच म्हणेल गोव्यात काय सगळं सोनंनाणं आहे का. नाहीये. मावसबहीणच सांगते, कित्येक बायका नवरा म्हणेल तिथे न वाचता सही करतात, ती अर्धी मालकी मग सहीपुरतीच. आणि निम्मं म्हणजे निम्मं, माहेरून आलेलं पण त्याच भांड्यात जातं, नवऱ्याने संसारासाठी काढलेलं कर्ज पण. पण तिथे भांडण सुरू होतं ते "अर्धं आहे, त्याचं काय करायचं" इथून. आमच्याकडे भांडण सुरू होतं "तुझा संबंध काय" इथून. या दोन जागांमधे किती फरक आहे ते कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्यालाच कळतं.

आता माझं. २०१२ मधे आम्ही फ्लॅट घेतला, साडेसहाशे स्क्वेअर फूट. डाऊन पेमेंटला कमी पडत होते तेव्हा माझ्या दोन पाटल्या आणि आईने दिलेला गोफ मोडला. लोन त्याच्या पगारावर बसत होतं, एजंट म्हणाला एकाच्या नावावर करा म्हणजे कागद कमी लागतील, आणि मी पण म्हटलं बरोबर आहे, आपल्याच घरात काय नाव लावायचं. ईएमआय त्याच्या खात्यातून जायचा. माझ्या पगारातून किराणा, दूध, लाईट बिल, मेंटेनन्स, शाळेची फी, कामवाल्या मावशींचा पगार, सासूबाईंची औषधं. हे आम्ही ठरवून केलेलं पण नव्हतं, आपोआप तसं पडत गेलं. बहुतेक घरात असंच पडतं, तुमच्या पण घरात बघा. मोठं आणि टिकणारं त्याच्याकडून, रोजचं आणि संपणारं तिच्याकडून. दहा वर्षांनी त्याच्या बाजूला फ्लॅट शिल्लक राहिला आणि माझ्या बाजूला रिकामे डबे.

वकिलीणबाईंचा पहिला प्रश्न होता, इंडेक्स टू वर, म्हणजे खरेदीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, नाव कुणाचं. दुसरा, तुमच्या अकाउंटमधून बिल्डरला किंवा बँकेला काही गेलंय का. मी म्हटलं सोनं मोडलं होतं. सोनाराची पावती आहे का? दहा वर्षांपूर्वीची मोडीची पावती, ती काय मी देव्हाऱ्यात ठेवली होती का? स्त्रीधन बाईचंच हे सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच सांगून ठेवलंय, पण ते स्त्रीधन होतं आणि ते फ्लॅटमधे गेलं हे सिद्ध कोण करणार, तर मी.

कायद्यात काय काय आहे ते पण तेव्हाच कळलं. हिंदू विवाह कायद्याचं २७ वं कलम आहे, पण ते लग्नाच्या वेळी किंवा आसपास दोघांना मिळून मिळालेल्या वस्तूंबद्दल, म्हणजे साधारण आहेराच्या भांड्यांबद्दल म्हणा ना. लग्नानंतर पंधरा वर्षांत जे उभं केलं त्याबद्दल अवाक्षर नाही. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात घरात राहायचा हक्क आहे, पण राहायचा, मालकीचा नाही, त्याने नाव लागत नाही. आणि उरते पोटगी. पोटगी ठरवताना जज नवऱ्याची मालमत्ता बघतात, एकरकमी पण देतात, हे खरं आहे. पण पोटगी म्हणजे हात पुढे करायचा, तुझ्याकडे इतकं आहे त्यातलं मला थोडं दे, आणि मग समोरचा वकील विचारणार बाई तुम्ही कमावता ना, मग कशाला हवंय? वाटा मागणारीला कोणी असं विचारत नाही. भावाने वडिलांच्या जमिनीत वाटा मागितला तर त्याला कोणी विचारतं का की तू कमावतोस ना?

आणि यातच आमची मुलगी अडकली.

हे मला नीट सांगायचंय कारण पत्र लिहायचं खरं कारण हेच आहे. आपल्याकडे मालमत्तेचं भांडण आणि मुलांच्या ताब्याचं भांडण ही दोन वेगळी भांडणं आहेत असं धरून चालतात, वेगळे अर्ज, वेगळी कलमं, काहींचे तर वकील पण वेगळे. प्रत्यक्षात एकाच टेबलावर दोन्ही असतात. मूल कुणाकडे यावर राहतं घर कोण वापरणार ते ठरतं, पोटगीचा आकडा ठरतो, आणि ज्याच्या हातात घराचे कागद असतात तो मुलाच्या बाबतीत ताणून धरू शकतो. आमची परस्पर संमतीची बोलणी दीड वर्ष चालली होती. त्याला मुलीचा ताबा हवा होता असं मला आजही वाटत नाही, तो काही वाईट बाप नाहीये पण रोज सकाळी तिचा डबा आणि वेणी हे त्याला झेपणारं नव्हतं आणि त्याला ते माहीत होतं. पण ताबा मागितला. मी फ्लॅटमधला हिस्सा मागितला की तिकडून ताबा यायचा, मी हिस्सा सोडला की ताब्याचं नाव नाही. शेवटी जे कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांना मान्य अटी, टाईप झाले त्यात सात नंबरला लिहिलं होतं की पत्नी सदर सदनिकेवर कोणताही हक्क सांगणार नाही आणि आठ नंबरला मुलीचा कायम ताबा आईकडे राहील. एकाखाली एक, मधे अर्ध्या इंचाची मोकळी जागा. मी सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही, जजसाहेबांनी विचारलं पण, राजीखुशीने करताय ना? मी हो म्हटलं.

लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. मागच्या वर्षी तिने विचारलं, आई आपण भाड्याच्या घरात का राहतो आणि बाबा आपल्या घरात का? मी काहीतरी सांगितलं ईएमआय वगैरे. सात आणि आठ नंबर तिला सांगायची माझी हिंमत नाही.

आता हे वाचून पुरुषमंडळी चिडली असतील तर थांबा, माझ्या सख्ख्या भावाचं पण ऐका. त्याची बायको मुलाला घेऊन माहेरी गेली, दुसऱ्या जिल्ह्यात. पालकत्वाचा कायदा आपला १८९० चा आहे, हो १८९०, त्यात केस तिथे चालते जिथे मूल नेहमी राहतं. नेहमी म्हणजे कुठे, यावरच पहिलं दीड वर्ष गेलं, आणि तोवर मूल तिकडच्या शाळेत रुळलं, तिकडचे मित्र झाले, मग कोर्ट म्हणतं आता त्याला कशाला हलवता. म्हणजे आधी उचलून न्या आणि मग वेळ काढा, हाच जिंकायचा मार्ग. भावाला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दोन तास भेट मिळाली, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. तिथे तुटक्या खेळण्यांमधे बसून तीन वर्षांच्या पोराशी काय बोलणार? तो एसटीने पाच तास जायचा, कधी पोराला ताप, कधी पाहुणे, कधी नुसतंच नाही आले. आदेश होता, पण आदेश पाळला नाही तर परत अर्ज, परत तारीख. त्याच्या बायकोला विचाराल तर ती म्हणेल पोटगी थकवली होती आणि ते पण खरं आहे. तिने मूल धरून ठेवलं होतं तसे याने पैसे. दोघांकडे आपापलं ओलीस. मला दोघांचीही कीव येते आणि राग पण येतो.

कायदा पण गंमतीचा आहे. हिंदू पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्यात लिहिलंय की अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई, मात्र पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे. ते "त्याच्यानंतर" म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, हे सांगायला १९९९ साली सुप्रीम कोर्टाला निकाल द्यावा लागला, गीता हरिहरन आणि रिझर्व्ह बँकेचा. शब्द मात्र कायद्यात अजून तसाच बसलाय. कायद्यात काय सुधारायचं ते सरकारला सुचवणाऱ्या लॉ कमिशनने १९८९ ला सांगितलं बदला, २०१५ ला २५७ व्या अहवालात परत सांगितलं आणि जोडीला सांगितलं की दोघांचा संयुक्त ताबा कायद्यात आणा, मुलाने किती दिवस कुठे राहायचं, शाळा दवाखाना कुणी ठरवायचं, सगळं कागदावर आधी लिहून घ्या. अहवाल छान आहे, नेटवर फुकट मिळतो, वाचा कधीतरी.

तुम्ही म्हणाल हे सगळं केंद्राचं काम. हे उत्तर मला माहीत होतं म्हणून थोडं वाचून आलेय. लग्न, घटस्फोट, अज्ञान मुलं, वारसा हे सगळं समवर्ती सूचीत आहे, पाच नंबरची नोंद. म्हणजे राज्य पण कायदा करू शकतं, केंद्राच्या कायद्याशी अडलं तर राष्ट्रपतींची संमती घ्यायची. आणि याच विधिमंडळाने हे केलेलं आहे! मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध वाटा केंद्राने दिला २००५ ला, महाराष्ट्राने दिला २२ जून १९९४ पासून, अकरा वर्षं आधी. आंध्र आणि तामिळनाडूने तर त्याच्याही आधी. तेव्हा कोणी म्हणालं नाही की दिल्लीची वाट बघू. आमच्या आज्या तेव्हा म्हणायच्या आता भाऊ बहिणीला माहेरी बोलवणार नाहीत, भाऊबीज बंद होणार. झाली का बंद?

दिल्लीची वाट बघून काय होतं ते पण सांगते. २०१० ला एक विधेयक आलं होतं, लग्न पार मोडलेलं असेल तर घटस्फोट द्यावा आणि बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा द्यावा असं. राज्यसभेत २०१३ ला पास पण झालं. लोकसभेत अडकलं, २०१४ ला लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक बारगळलं. त्यातला घटस्फोटाचा भाग पुढे सुप्रीम कोर्टाने २०२३ मधे आपल्या खास अधिकारात उचलला, म्हणजे लग्न मोडायची सोय झाली. वाट्याचं काय, ते कुणी उचललं नाही.

आणि महाराष्ट्राला हा विषय नवीन पण नाही. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं बायकांचं अधिवेशन झालं, त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची, गावात शंभर जणींच्या नावावर झाली की ते लक्ष्मीमुक्त गाव. शेतकरी पुरुषांनी केलं ते, भर चालू संसारात, कोर्ट नाही वकील नाही. आणि आम्ही शहरातले शिकलेले, एजंट म्हणतो कागद कमी लागतील आणि आम्ही मान डोलावतो.

आता सरकारी योजनांची गंमत बघा. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, एप्रिल २०२१ पासून. चांगलंय. पण ती फक्त बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर, नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर नाही. का? दोघांची नावं लागली तर सरकारचं काय बिघडतं? उलट तीच सवय लावायला हवी ना. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला दोघांची नावं लावायचा जीआर आहे पण ती घरपट्टीची नोंद, मालकी नव्हे. नवऱ्याने राहतं घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वर जागेप्रमाणे अधिभार लागेल तो वेगळा, हे तर निम्म्या लोकांना माहीतच नाही. मला माहीत असतं तरी मी मागितलं असतं का? खरं सांगायचं तर नाही. बरं चाललेल्या संसारात माझं नाव लाव म्हणणारी बाई म्हणजे हिच्या मनात काहीतरी आहे. म्हणून तर कायदा लागतो, म्हणजे तो प्रश्न कोणाला विचारावाच लागत नाही. पेडण्यात कोणी विचारत नाही, ते आपसूक असतं.

मागायचं एवढंच आहे. गोव्यासारखं सगळंच एकत्र करा असं मी म्हणत नाही, वडिलोपार्जित शेत, माहेरचं, सासरचं, ते ज्याचं त्याचं राहू दे. लग्न झाल्यानंतर दोघांच्या संसारात जे उभं राहिलं, घर, प्लॉट, एफडी, पीएफ, दुकान, ते कुणाच्याही नावावर असो, दोघांचं. गोव्यात हा पण एक प्रकार आहे, लग्नाआधी करार करून निवडता येतो, लग्नानंतर कमावलेलंच फक्त सामायिक. आपण तो मूळ नियम करू, ज्यांना नको त्यांनी लग्नाआधी लिहून द्यावं. आणि हो, बायकोच्या नावावर असलेलं पण यात आलं, मी जास्त कमावत असते तर मला पण निम्मं द्यावं लागलं असतं, चालेल. कर्ज पण वाटून घेऊ.

एकदा वाटा कायद्याने ठरला की मुलाला वापरून तो मिळवायची किंवा बुडवायची गरज राहत नाही. निदान कमी होते. सात नंबर कायद्यानेच लिहिलेला असला की आठ नंबरवर फक्त मुलाचं बोलता येतं.

आणि तोपर्यंत जे आहे ते तरी पाळलं जाईल असं करा. नागपूरच्याच एका केसमधे, रजनेश आणि नेहा, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० ला सांगितलं की पोटगीच्या केसमधे दोघांनी मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचंच, समोरच्याने चार आठवड्यांत, आणि अंतरिम पोटगीचा अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा. आमच्या केसमधे त्याचं प्रतिज्ञापत्र यायला अकरा महिने लागले आणि त्यात एक प्लॉट विसरला होता. तुम्हाला तर याची चांगलीच सवय आहे की, निवडणुकीचा अर्ज भरताना स्वतःची, जोडीदाराची, अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता वेगवेगळ्या रकान्यात लिहून देता, सोनं किती ग्रॅम, गाडी कुठली, आणि ते मुदतीत दिलं नाही तर अर्जच जातो. बायकोचा रकाना किती बारकाईने भरलेला असतो तुमच्यातल्या कित्येकांचा. मग घटस्फोटाच्या केसला अकरा महिने का लागावेत? कोर्टं वाढवणं, समुपदेशकांच्या रिकाम्या जागा भरणं, मुलांच्या भेटीच्या खोलीत धड खुर्च्या आणि पंखा असणं, याला तर कुठल्या राष्ट्रपतींची संमती लागत नाही, बजेट लागतं, आणि ते तुम्हीच पास करता.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं. कुणीतरी एकाने, एकीने, अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारचं नाही तर आमदाराने स्वतः आणलेलं, तरी मांडा, पडलं तर पडलं, चर्चा तरी नोंदीत येईल. कुणाला माझे कागद बघायचे असतील, ते सात आणि आठ नंबरचं पान, तर घेऊन येते, नाव झाकून झेरॉक्स देते. फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सोडून बोलवा. त्या दिवशी लेकीला तिच्या बाबांकडे सोडायचं असतं आणि मी ते कधी चुकवत नाही.

एक सावंतवाडीकडची माहेरवाशीण